होडीबागेचा दाता

नारळी पुनवेचा नारळ समुद्राला देऊन सगळे घरी परतले, तेव्हा मोंघी ओसरीच्या कोपऱ्यात आपल्या नेहमीच्या जागी टेकली. तोंडावर पदर. समोर पाच हातांवर खाटेवर वेलजी मुकादम, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा जेठ. दोघांच्या मधे पाटावर पुरीभाभी, वेलजीची बायको. खारव्यांच्या, म्हणजे गुजरातेतल्या दर्यावर्दी लोकांच्या, घरात धाकट्या भावाची बायको जेठाला तोंड दाखवत नाही की त्याच्याशी शब्द बोलत नाही. जे सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. मोंघी विसाव्या वर्षी या घरात आली आणि आज ती बासष्टची होती. जेठाचा खोकला तिला ठाऊक होता, चप्पल घासत चालण्याचा आवाज ठाऊक होता, विडीचा वास तर अंगणातूनच कळायचा. त्याचं तोंड तिनं नीट बघितलं होतं ते फोटोत.

"भाभी, त्यांना सांगा, नगरपालिकेचे साहेब चारला येतात. बागेच्या पाटीवर नाव कुणाचं हे त्याआधी ठरवा. साहेबांसमोर तमाशा नको."

पुरीनं मान वळवली. "ती म्हणते, साहेब चारला येतील, तेवढं पाटीचं बघून घ्या."

वेलजीनं पहिलंच वाक्य ऐकलं होतं, तो काही बहिरा नव्हता. पण रीत ती रीत. घरातली पोरं पुरीभाभीला टेलिफोन म्हणायची, आणि हा टेलिफोन मोठा गमतीचा होता. इकडून मिरची घातली की तिकडे गूळ निघायचा. मोंघी म्हणाली "त्यांना लाज वाटत नाही का", की पुरी तिकडे सांगायची "तिला जरा वाईट वाटलंय". समोर बसलं असलं तर सगळ्यांना दोन्ही ऐकू यायचं, आणि हसू दाबून सगळे गप्प राहायचे. आड भिंत असली तर मात्र पुरी सांगेल तेच खरं. दोन चुली झाल्या, मधे भिंत आली, तरी हे घर तुटलं नाही ते पुरीभाभीच्या जिभेमुळे, असं खारवावाड्यात म्हणायचे. मोंघीही तेच म्हणायची.

प्रश्न होता होडीबागेचा. बंदरावरच्या सार्वजनिक बागेत पोरांच्या खेळायची जी जागा आहे, तिला गाव होडीबाग म्हणतं. अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आलेल्या एका जहाजाची नारिंगी होडी तिथं मधोमध वाळूत रुतवलेली आहे. जहाजाच्या शिडीला पत्रा मारून केलेली उंच घसरगुंडी आहे, आणि नांगराच्या साखळ्यांवर टांगलेले सहा झोपाळे. अठ्ठ्याऐंशी सालापासून गावातलं एकही पोर त्या होडीत चढल्यावाचून मोठं झालेलं नाही. खारव्यांनी तर त्याची रीतच करून टाकली. पोरगा पहिल्यांदा बापाबरोबर खऱ्या गलबतावर जायचा, त्याच्या आदल्या दिवशी त्याला या होडीत बसवून ओवाळायचं.

आणि एवढ्या बागेवर नगरपालिकेनं वैशाखात ट्रक पाठवला. सगळं उपटून प्लास्टिकची रंगीत खेळणी लावायची म्हणे. मोंघी होडीत जाऊन बसली. तिच्यामागून सतरा बायका बसल्या, त्यांची नातवंडं बसली, ड्रायव्हरनं तास-दीड तास शिव्या घातल्या आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. मग मोंघीची लेक दक्षा, भावनगरला शाळेत मास्तरीण, तिनं अर्जांवर अर्ज केले. कुठं दोन महिन्यांनी हुकूम निघाला. होडीबाग आहे तशी राखायची. ज्या शेठच्या प्लॉटवर ते जहाज तुटलं, त्याचा नातू सगळी डागडुजी करून देणार. घरच्यांनी फक्त बागेचा इतिहास लिहून द्यायचा, दाता कोण ते सांगायचं आणि खाली सही करायची. त्याची पितळी पाटी लागणार. सण असला तरी सगळं घर एका जागी सापडेल म्हणून साहेबांनी आजचाच दिवस धरला होता.

मोंघीला एकच गोष्ट हवी होती. त्या पाटीवर तिच्या नवऱ्याचं, परसोतमचं, नाव. त्याच जहाजाच्या टाकीत गॅसचा भडका होऊन परसोतम गेला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. दक्षाला दीड वर्ष झालं होतं. वर्षभरानं पुरीभाभी भिंतीपलीकडून निरोप घेऊन आली होती, की तुझ्या जेठानं शेठशी भांडून त्याच्या नावानं पोरांसाठी बाग करवून घेतली. त्या दिवसापासून मोंघी रोज पहाटे बागेत जायची. घसरगुंडीवरचं दव पुसायची, नाहीतर पोरांच्या चड्ड्या भिजतात. साखळ्यांच्या कड्यांना घरचं खोबरेल लावायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. बायका समाधीवर फूल ठेवतात तसं तिचं ते होतं, एवढंच की पोरं त्यावर नाचायची आणि तिला ते आवडायचं.

जेन्तीभाईला मात्र ते नाव नको होतं. वेलजीचा हा थोरला मुलगा अलंगच्या रस्त्यावर जहाजातल्या सामानाचं दुकान चालवायचा, आणि येत्या निवडणुकीत उभा राहायच्या गोष्टी करायचा.

"काकी, मी तुमच्या विरुद्ध नाही," तो म्हणाला. "पण नगरपालिकेच्या दप्तरात दाता म्हणून बापूजींचं नाव आहे. वेलजी मुकादम. सरकारी कागदावर आपण खोटं कसं लिहायचं?"

मग तो बराच वेळ बोलत राहिला. बापूजींनी शेठच्या पायऱ्या झिजवल्या, आठ बैलगाड्या लावून होडी ओढून आणली, झोपाळ्यांचे खांब स्वतःच्या हातानं पुरले. काकांबद्दल आदर आहेच, पण काकांनी बागेसाठी काय केलं? त्याच्या बायकोनं मान डोलावली. दक्षा कोण जाणे का सकाळपासून गप्प होती. लापशीची वाटी तिनं तशीच ठेवली होती, आणि जेन्तीकडे बघायचं टाळत होती. मोंघीला वाटलं, लेक प्रवासानं दमली असेल.

"भाभी, सांगा त्यांना," मोंघी म्हणाली. "माणूस गेला म्हणून बाग आली. खांब पुरणाऱ्यानं खांब पुरले, पण बाग कशामुळं आली?"

पुरीनं या खेपेला निरोप फिरवायच्या आतच खाटेवरून आवाज आला.

"परसोतमचं लिहा."

जेन्ती म्हणाला, "बापूजी, तुम्हाला कळतंय का..."

"कळतंय. परसोतमचं लिहायचं. दुसरं कुणाचं नाही."

जेन्तीचा चेहरा उतरला. सुनेनं नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, आता गप बसा. आणि मोंघी पदराआड रडायला लागली. तिला वाटलं नव्हतं. जेठ पोटच्या मुलाच्या बाजूनं जाणार, असंच ती धरून चालली होती, आणि साहेबांसमोर काय बोलायचं याची तयारी रात्रभर करून आली होती. त्या सगळ्या तयारीची तिला आता शरम वाटली.

"भाभी, त्यांना सांगा," ती म्हणाली, "की मी या घरात बापाशिवायची आले होते. त्यांनी माझ्या माणसाची लाज राखली. या जन्मात हे फिटायचं नाही. आज मी त्यांच्या पाया पडणार आहे, लांबून."

आणि ती खरोखरच उठली, पदर सावरून जमिनीला कपाळ टेकायला वाकली.

"बा, नको," दक्षा आईला म्हणाली. "यांच्या पाया पडू नकोस."

"दक्षा," जेन्ती चटकन म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण हे मला बघवत नाही, जेन्तीभाई. मी गप्प बसणार होते. बाग वाचतेय, बाला हवं ते नाव मिळतंय, मग जुनं कशाला उकरा म्हटलं. पण ती पाया पडते आणि हे पडून घेतायत."

तिनं पिशवीतून एक कागद काढला. अर्जासाठी नगरपालिकेत बागेची फाईल चाळताना तिला तो सापडला होता. जेन्तीला तो आधीच ठाऊक होता, आणि काढून टाक म्हणून त्यानं तिला दोनदा विनवलं होतं. शेठच्या कचेरीनं त्या काळी नगरपालिकेला लिहिलेलं ते पत्र होतं. मोंघीला वाचता येत नव्हतं. दक्षानं वर्गात वाचतात तसं सावकाश वाचलं.

"आमचा कामगार परसोतम हा गॅसची तपासणी होण्याआधी, मनाई असताना, स्वतःच्या बेफिकिरीने टाकीत उतरून गतवर्षी मरण पावला. त्याचे थोरले बंधू व आमचे मुकादम वेलजी यांनी तसे लेखी दिले असल्याने त्या प्रकरणी वाद उरलेला नाही. त्यांच्याच इच्छेनुसार सदर जहाजावरील होडी, शिडी व साखळ्या गावच्या मुलांसाठी देत आहोत."

मोंघी वाकली होती तिथंच खाली बसली.

परसोतम आणि बेफिकीर? विहिरीवर गेला तर दोराची गाठ दोनदा ओढून बघणारा माणूस तो. मित्र त्याला भित्री भागूबाई म्हणायचे. स्टोव्ह पेटवायचा तर आधी खिडकी उघडी आहे ना ते उठून बघायचा, आणि ती त्याला हसायची. मनाई असताना तो उतरला? ज्यानं जन्मात कुणाचा शब्द मोडला नाही तो?

"भाभी," ती म्हणाली. "विचारा त्यांना. मनाई असताना उतरला का तो?"

पुरीनं मान वळवली नाही. ती हातातल्या सुपारीकडे बघत राहिली.

"विचारा ना भाभी."

"मी नाही विचारायची," पुरी म्हणाली. "मला उत्तर ठाऊक आहे."

आणि मग ती बाई, जिनं बेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द वाहिले, पहिल्यांदा आपलं स्वतःचं बोलली. परसोतमला घरी आणलं त्या रात्री वेलजीनं तिला मागल्या दारी बोलावून सांगितलं होतं, की जा आणि मोंघीला खरं सांग. भरती चढत होती, शेठला दुसरं जहाज किनाऱ्याला लावायचं होतं, तपासणीवाला जेवायला गेला होता. परसोतम दोनदा म्हणाला, भाई, तपासणी झाली ना नक्की? आणि वेलजी म्हणाला, मी सांगतो ना, झाली, उतर. हे सगळं तिला सांग. आणि हेही सांग, की शेठ माझ्याकडून लिहून मागतोय, चूक परसोतमचीच होती म्हणून. दिलं नाही तर मी तुरुंगात जाईन आणि दोन्ही चुली विझतील. पण ती म्हणेल तसं करतो. ती नको म्हणाली तर उद्या सकाळी पोलिसात जातो.

"मी तुझ्या दारापर्यंत आले," पुरी म्हणाली. "तू पोरीला मांडीवर घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, गॅस होता, कुणालाच ठाऊक नव्हतं, नशीब."

"आणि त्यांना काय सांगितलंत?"

"त्यांना सांगितलं, ती म्हणते झालं ते झालं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

खाट करकरली. वेलजी उठून बसला होता.

"तू तिला सांगितलं नाहीस?" तो बायकोला म्हणाला. "तिला ठाऊकच नव्हतं?"

पुरीनं मान हलवली.

"अगं, मी... ती रोज पहाटे त्या साखळ्यांना तेल लावायची. मी बंदरावरून बघायचो. मला वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे आणि तरी ही... मी म्हणायचो, हिनं मला माफ केलं." तो म्हातारा, शहात्तर वर्षांचा, तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला. "छत्तीस वर्षं मी त्या माफीवर जेवलो, पुरी."

"माझी चार पोरं होती," पुरी म्हणाली. "तुम्ही तुरुंगात गेला असतात तर मी काय केलं असतं? आणि तिची दयाही आली. दोन्ही खरं आहे. मला कुणी विचारलंच नाही कधी, मग मी सांगणार कुणाला?"

दक्षा आईजवळ जाऊन बसली. जेन्ती उभाच होता. पण गडी हुशार, पहिल्यांदा सावरला तो तोच. म्हणाला, झालं ते वाईट झालं, पण बाहेर गेलं तर शेठचा नातू अंग काढून घेईल, हुकूम रद्द होईल आणि सोमवारी ट्रक येईल. काकी, तुम्हाला बाग हवी की नको? बापूजी परसोतमकाकांचं नाव द्यायला तयार आहेत. माझी ना नाही, मी मागं घेतो. तेवढा कागद मात्र फाडून टाकू. त्याच्या बायकोनंही हात जोडले. बोलणं अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच मोंघीला त्याचा संताप आला. नवऱ्याच्या नावाची पाटी तिच्यासमोर ताटात वाढून ठेवली होती. सकाळी हेच मिळालं असतं तर ती देवाला नारळ फोडायला गेली असती.

तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला.

पुरीनं घाबरून पुढे हात केला, सवयीनं. मोंघीनं तो बाजूला सारला आणि जेठाकडे बघितलं. फोटोतला तगडा मुकादम कुठं नव्हता. गालफडं बसलेला, पाणावल्या डोळ्यांचा एक म्हातारा होता, आणि त्याचं नाक परसोतमसारखं होतं. हे तिला फोटोत कधी कळलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

"तुम्हाला वाटलं मी माफ केलं," ती म्हणाली. मधे कुणी नव्हतं. "मग एकदा खात्री करावीशी वाटली नाही? भिंतीकडे तोंड करून बोलला असतात तरी मी ऐकलं असतं. पोरीच्या हाती सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्हाला माफी पुरीभाभीच्या तोंडून बरी वाटली."

"रीत होती, मोंघी..."

"रीत होती. पण पदर माझ्या तोंडावर होता, जेठजी. तुमच्या तोंडावर नव्हता."

तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबल्याचा आवाज आला, आणि साहेब आले ते ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच.

अंधारियासाहेब नगरपालिकेच्या बागांचे अधिकारी, जाडजूड आणि आनंदी गृहस्थ. आपल्या मुलींना त्यांनी याच होडीत खेळवलं होतं, हे त्यांनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. जेन्तीनं पत्र केव्हाच खिशात घातलं होतं. सुनेनं चहा आणि कोपरापाकाच्या खोबऱ्याच्या वड्या आणल्या. साहेबांनी बशीत चहा ओतला, फुर्र करून प्यायले, सगळ्यांचे डोळे लाल का हे त्यांनी सणाच्या चुलीच्या धुरावर ढकललं असावं, आणि मांडीवर छापील कागद घेतला.

"हं. इतिहास दक्षाबेननी सुरेख लिहिलाय, तो जोडतो. आता दात्याचं नाव सांगा म्हणजे झालं."

"परसोतम," वेलजी म्हणाला. घाईनं म्हणाला, कुणी हिसकावून घेईल म्हणून. "माझा धाकटा भाऊ. त्याचंच लिहा साहेब."

साहेबांनी पेन टेकवलं. जेन्तीनं सुस्कारा सोडला. पुरी मोंघीकडे बघत होती, दक्षाही बघत होती.

"नाही साहेब," मोंघी म्हणाली. "त्यानं काही दिलं नाही. त्याला तर कुणी विचारलंही नव्हतं. जे खरं ते लिहा."

"म्हणजे कुणाचं लिहू?"

"यांचं. वेलजी मुकादम. देणारे हेच."

"मोंघी, नको," वेलजी म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. त्याचं लिहू दे."

"त्याचं नाव त्या लोखंडावर मला नको. तुम्ही भाऊ दिलात, त्याच्या बदल्यात बाग आणलीत. मग दाते दुसरे कोण? लिहा साहेब. दप्तरातही यांचंच आहे."

साहेब हसले. त्यांना एवढंच कळलं की थोरला धाकट्याचं नाव पुढं करतोय आणि भावजय थोरल्याचं. अशी घरं आता राहिली नाहीत, असं ते जेन्तीला म्हणाले. त्याला हवं होतं ते अक्षरशः त्याच्या डोळ्यांसमोर लिहिलं जात होतं, आणि त्याला ते थांबवताही येईना.

"आणि दानाची तारीख?"

"पंधरा ऑगस्ट अठ्ठ्याऐंशी," जेन्ती म्हणाला. "झेंडावंदनानंतर उद्घाटन झालं होतं."

"ती नारळ फोडल्याची तारीख," मोंघी म्हणाली. "दान त्याच्या आधीचं." ती जेठाकडे वळली. "तुम्हीच सांगा ना. कधी दिलंत?"

बाहेर बंदराकडून पोरांचा गलका येत होता. सणाची सुट्टी, सगळी होडीबागेत असणार. वेलजीनं बायकोकडे बघितलं. पुरी त्याच्या मदतीला आली नाही. मग त्यानं मुलाकडे बघितलं, आणि शेवटी मोंघीकडे.

"नऊ जून," तो म्हणाला. "सत्याऐंशी."

परसोतम टाकीत उतरला तो दिवस. खारवावाड्यात एक घर नव्हतं ज्याला ती तारीख ठाऊक नव्हती. पाटी लागली की येणारा जाणारा प्रत्येकजण ती वाचणार होता, आणि वेलजीला बंदरावर जायला दुसरा रस्ता नव्हता.

साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, कागद फिरवला आणि वेलजीपुढे धरला.

"इथं सही करा, मुकादम," ते म्हणाले. "पितळेत खोल कोरून घेतो. मग कुणाला पुसायचं म्हटलं तरी पुसता येणार नाही."

वेलजीनं सही केली.